पावली अक्षर

थोरलीच्या पुतणीचं लग्न झालं त्या साली छापखान्यात ठोकळा आला. घरात अजूनही कुठल्याही गोष्टीचं साल त्या लग्नावरून सांगतात. नळ लग्नाच्या आधीचा, जिन्याचा कठडा लग्नानंतरचा, आणि ठोकळा त्याच साली, पत्रिकेच्या निमित्ताने आलेला.

छापखाना घरात होता. खरं तर घरच छापखान्यात होतं. खाली रस्त्याच्या बाजूला यंत्र, त्याच्या मागे खिडकीपाशी खिळ्यांच्या पेट्या, आणि वर दोन भावांचे दोन संसार. यंत्र सुरू झालं की वरच्या फळीवर कपबश्या किणकिणायच्या, आणि थांबलं की बायका दचकायच्या. धाकटा भाऊ यंत्र चालवी आणि गिऱ्हाइकांशी बोले. थोरला भाऊ जुळारी. शिशाचा एकेक खिळा उचलून त्यांचे शब्द, शब्दांच्या ओळी, ओळींची पानं जुळवायची, हे त्याचं काम. सगळी गल्ली त्याला जुळारीच म्हणे. थोरली त्याची बायको, आणि तिच्याकडे सोडणी होती. छापून झालेलं पान मोडायचं आणि प्रत्येक खिळा आपापल्या खणात परत टाकायचा, याला सोडणी म्हणत. जुळारी खणाकडे न बघता हात घालतो. तेव्हा खणात दुसरंच अक्षर पडलेलं असलं, तर छापून हातात येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

थोरलीला अक्षर उशिरा आलं. या घरात आली तेव्हा तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. पुढची बरीच वर्षं घरकामात आणि शाईच्या चिंध्या धुण्यात गेली. मग सासऱ्यांचा हात थरथरायला लागला, आणि एक दिवस त्यांच्या हातून खिळ्यांची अख्खी पेटी फरशीवर उलथली. निवडायला घरातले सगळे बसले. थोरलीने धान्य निवडावं तसे खिळे निवडले. संध्याकाळी पाहिलं तर बाकीच्यांच्या ढिगांत चुकाच चुका, आणि तिच्या ढिगात एकही नाही. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि सोडणी तिच्या हवाली केली.

तिला आधी अक्षराचं घर कळलं, मग रूप, आणि आवाज सगळ्यात शेवटी. जुळारी कच्चा छाप मोठ्याने वाचून तपासायचा आणि ती शेजारी त्याच ओळी हातात घेऊन उभी असायची. असं करता करता, केस पिकायला लागले तेव्हा, ती वाचायला लागली. पण शिकली होती शिशाकडून, आणि शिशातलं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. त्यामुळे छापलेला कागद तिला सुरुवातीला सरळ वाचता येईना. ती कागद खिडकीशी न्यायची, उजेडासमोर धरायची आणि मागच्या अंगाने वाचायची. जुळारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, लोक पुस्तक उघडून वाचतात, आमच्या हिला पुस्तकाच्या पाठीमागे जाऊन बसावं लागतं.

हे सगळं ती ज्या अक्षरात शिकली ते पावली अक्षर. नाव छापखान्यातलंच, सासऱ्यांच्याही आधीपासूनचं. त्याची प्रत्येक रेघ शेवटी जरा पसरायची, उभ्या माणसाने पाऊल टेकावं तशी. अंगाने रेघ कुठे जाड, कुठे केसासारखी बारीक. त्या घराने शाळेची पुस्तकं छापली ती पावलीत, गाण्यांची छापली ती पावलीत, आणि गावात कोणी गेलं की त्याची बातमीही पावलीतच. या अक्षरात आवाज चढलेला नसायचा. पानभर वाचलं तरी डोळ्याला चालल्याचा शीण येत नसे. पावलाशेजारी पाऊल पडत जाई आणि ओळ आपोआप धरून राही.

पुतणी लहान असताना थोरली तिला मांडीवर घेऊन न शिवलेल्या पानांतून गोष्टी वाचून दाखवायची. जाऊ म्हणायची, “आमच्या जाऊबाई म्हणजे घरातलं वाचनालय. फक्त स्वयंपाकाच्या वेळी उघडं असतं.” थोरली हसायची. टोमणा असला तरी त्यात ‘वाचनालय’ हा शब्द होता, आणि तो तिला आवडायचा.

मात्र पावलीबाहेर तिचं वाचन अडायचं, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्राचा मथळा दुसऱ्याच वळणाच्या अक्षरात असे, तो ती सोडून द्यायची आणि खालचा बारीक मजकूर सरसर वाचायची. दुकानांच्या पाट्या ती दारात मांडलेल्या मालावरून ओळखायची. एवढ्यावर वेळ मारून नेता येत होती. जुळाऱ्यालाही कधी शंका आली नाही.

मग पुतणीचं लग्न ठरलं, आणि धाकट्याने नव्या वळणाचे खिळे मागवले. त्यांच्या रेघा सगळीकडे सारख्या जाड आणि टोकं सरळ कापलेली. पावलं नाहीत, डोक्यावरची रेघही नाही. जुळाऱ्याने पाहिल्याबरोबर नाव ठेवलं, ठोकळा. धाकट्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत पावलीच्या बारीक रेघा तुटतात. बसच्या वेळापत्रकासमोर लोक डोळे बारीक करून उभे राहतात. आणि पावलीचे खिळे झिजून झिजून निम्म्यांची पावलं बोथट झालेली. लग्न पार पडलं की खिळे ओतणाऱ्या कारखान्याची गाडी येणार होती. पावली वितळवायला द्यायचं, असं त्याने ठरवून टाकलं. थोरलीला तेवढंच वाचता येत होतं, पण ती काय बोलणार? अक्षराच्या वळणावरून भांडायला ती कोण!

ठोकळ्यातलं पहिलं काम आलं चपलांच्या दुकानाच्या जाहिरातीचं. पाय नसलेल्या अक्षरात चपलांची जाहिरात, म्हणून जुळारी दिवसभर स्वतःशी हसत होता. जाहिरात छापून झाली आणि सोडणीला थोरलीकडे आली.

आता इथे खिळ्यांची एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. बोटाला खाच लागली की अक्षराचं डोकं कुठे नि पाय कुठे ते न बघता कळतं. घरातल्या जुन्या खिळ्यांची खाच पायाकडे होती. ठोकळा दुसऱ्या कारखान्याचा, त्याची खाच डोक्याकडे. जुळाऱ्याच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं, त्याने बोटांना समजावलं आणि विषय संपला. बायकोला सांगावं असं त्याला वाटलं नाही. अक्षर डोळ्यांसमोर असताना खाच कोण बघतो?

थोरली खाचच बघत होती. पावलीतली ओळ हातात घेतली की ती शब्द वाचायची आणि वाचत वाचत सोडायची. ठोकळ्यातली ओळ तिला वाचता येईना, म्हणून तिने एकेक खिळा बोटांनी ओळखायला घेतला. काही अक्षरं अशी असतात की एक डोक्यावर उभं केलं की दुसरं होतं. पावलीत ही भानगड नाही. अक्षर उलटं धरलं तर पावलं आभाळात जातात आणि लगेच कळतं. ठोकळ्यात दोघं भावंडं हुबेहूब. तिने खाच पायाकडे धरली, आणि एकाच्या घरात दुसरं गेलं. खिळ्यामागून खिळा, मोठ्या विश्वासाने.

त्याच खणांतून जुळाऱ्याने पत्रिका जुळवली. कच्चा छाप निघाला तेव्हा सगळे यंत्रापाशी जमले होते. पुतणीने कागद उचलला, वाचला आणि तिला हसूच आवरेना. नवऱ्या मुलाच्या आडनावापासून मंडपाच्या पत्त्यापर्यंत भलतीच अक्षरं.

“हे मी कोणाशी लग्न करतेय?” ती म्हणाली.

धाकटा हसला नाही. त्याने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि भावाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, की दादा, डोळे दाखवून घे. लग्न झालं की नवा जुळारी बघू, तू आता वर बस आरामात, खूप केलंस. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि तेच थोरलीला जास्त लागलं. चिंध्या पिळता पिळता तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

जुळारी पेटीकडे गेला. एका खणातले तीन-चार खिळे तळहातावर घेतले, फिरवून पाहिले. मग दुसऱ्या खणातले. मग त्याने मान वळवून थोरलीकडे पाहिलं. पुरता एक श्वासही नसेल, पण तेवढ्यात तिला सगळं कळलं, आणि त्यालाही सगळं कळलं आहे हेही कळलं. त्याने खिळे जागच्या जागी टाकले.

“डोळेच गेलेत रे,” तो भावाला म्हणाला. “वय झालं.”

जेवताना दोघांच्यात नेहमीसारखंच बोलणं झालं, म्हणजे फारसं नाही. ताटं उचलताना मात्र थोरलीने विचारलं, की असं का बोललात. त्याने हात पुसले.

“घरात वाचणारी बाई आहे म्हणून आयुष्यभर मिरवलंय मी,” तो म्हणाला. “राहू दे ते तसंच.”

तिने सासऱ्यांना वर बसलेलं पाहिलं होतं. खिडकीपाशी असेपर्यंत म्हातारा गडी टणक होता. वर खाटेवर बसवल्यावर दिवसभर चादरीच्या काठावरून बोटं फिरवायचा, खिळे चाचपत असल्यासारखी. वर्षाच्या आत विझला. हाही तसाच बसणार. तिने गप्प राहायचं ठरवलं तर तिचा मान राहत होता आणि त्याची जागा जात होती, हिशेब एवढा सोपा होता.

सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आत ती खाली गेली. ठोकळ्याची पेटी दोन्ही हातांनी ओढून काढली आणि धाकट्यासमोर टेबलावर ठेवली.

“भावजी, हे खण माझ्या हातून बिघडले. ह्यांच्या डोळ्यांना बोल लावू नका.”

धाकट्याने समजूतदारपणे मान हलवली. “वहिनी, दादाला पाठीशी घालताय तुम्ही. तुम्हाला काय वाचता येत नाही?”

मागे जुळारी उभा होता. तो म्हणाला, की हिचं काय ऐकतोस, हिला काल झोप लागलेली नाही. एकाला झाकायला दुसरा, अशी गंमत झाली, आणि खरं बोलणारीवरच कोणी विश्वास ठेवेना. जाऊ चहाचे कप घेऊन जिना उतरत होती. तिच्यामागे पुतणी, केस विंचरत.

थोरलीने भिंतीवर टोचलेली चपलांची जाहिरात काढली, समोर धरली आणि वाचायला लागली.

पहिल्या शब्दाला ती अडली. दोन अक्षरं म्हणाली, मागे आली, तिसरं चुकीचं म्हणाली, परत मागे आली. कपाळावर घाम आला तरी कागद खाली ठेवला नाही. नव्याने शाळेत गेलेलं पोर वाचतं तसं, एकेक अक्षर बोटाखाली धरून, तिने सबंध ओळ वाचली आणि ती ओळ चुकीचीच वाचली. जाहिरातीत लिहिलं होतं काय हे सगळ्यांना पाठ होतं. कोणी दुरुस्त केलं नाही.

“मला पावलीच येतं,” ती म्हणाली. “पावलांवरून ओळखते मी. पावलं नसली की मला डोकं-पाय कळत नाही.”

जुळारी खिडकीतून बाहेर बघत होता. आता जाऊ काहीतरी बोलणार म्हणून थोरली वाट बघत राहिली. जाऊने ट्रे खाली ठेवला आणि नेहमी आधी नवऱ्याला द्यायचा तो पहिला कप थोरलीच्या हातात दिला.

मग पुतणी बोलली. ती म्हणाली, की काकू मथळे सोडून खालचं वाचते हे मला लहानपणापासून माहीत आहे. मला वाटायचं, मथळ्यांत खोटं असतं म्हणून वाचत नसेल. त्यावर धाकट्याला हसू फुटलं, मग जाऊला, आणि शेवटी थोरलीला, चहा सांडेपर्यंत.

हसून झाल्यावर धाकट्याने पेटी जवळ ओढली, खिळे उलटसुलट करून पाहिले आणि भावाकडे बघून म्हणाला, “दादा, खाच उलटी आहे हे तू कोणाला सांगायचं नाहीस?”

“तू कोणाला विचारून आणलेस?” जुळारी म्हणाला.

एवढ्यावर डोळ्यांचा विषय मिटला. पण पावलीचा मिटला नव्हता. गाडी यायची ती येणारच होती. जुळारी खण नीट करायला बसला आणि थोरली त्याच्याकडून नवी खाच बोटांना शिकवून घेत होती, तेवढ्यात पुतणी परत खाली आली.

“बाबा, माझी पत्रिका काकूला वाचता येणार नसेल तर ती मला नको.”

धाकट्याने कपाळाला हात लावला. सासरच्यांना नवं वळण हवंय, तूच म्हणालीस, आता उलट बोलतेस. पुतणी म्हणाली, नवं वळण असू दे की, कोण नको म्हणतंय, पण आतला मजकूर पावलीत घाला. एका पत्रिकेत दोन वळणं म्हणजे एका पायात चप्पल आणि एका पायात बूट, असं धाकट्याचं मत पडलं. बापलेकींची चांगलीच जुंपली. जुळारी दोघांच्या मधून हात घालून खिळे जुळवायची पट्टी उचलून घेऊन गेला.

दुपारपर्यंत त्याने पान तयार केलं. वर नवरा-नवरीची नावं ठोकळ्यात, मोठी, भोवती भरपूर मोकळी जागा. खाली सगळा मजकूर पावलीत. झिजलेले खिळे वेचून बाजूला केले होते, पावलं शाबूत असलेलेच घेतले होते. कच्चा छाप निघाला तो धाकट्याने हातभर लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब.

“ठोकळा हाक मारायला चांगला आहे,” जुळारी शाई पुसता पुसता म्हणाला. “माणूस वळून बघतं. पण एकदा जवळ येऊन बसलं की त्याच्याशी त्या आवाजात बोलता येत नाही. तिथे पावली.”

धाकट्याने कागद थोरलीकडे सरकवला. तिने तो खिडकीशी नेला नाही की पाठीमागून धरला नाही. सरळ हातात धरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, कुठेही न अडखळता. नावं मात्र तिने न बघताच म्हटली, ती तिला येतच होती.

लग्न झालं. पुतणी गेली आणि घर काही दिवस रिकाम्या खणासारखं वाटलं. कारखान्याची गाडी आली तेव्हा धाकट्याने पावलीचे फक्त बोथट झालेले खिळे तिच्यात टाकले, आणि उरलेल्यांची पेटी खिडकीपाशी होती तिथेच राहिली. पुढे कामाची आपोआप वाटणी झाली. पावत्या, चिठ्ठ्या, वेळापत्रकं, दुकानांची पत्रकं ठोकळ्यात. पुस्तकं, गाणी आणि माणूस गेल्याच्या बातम्या पावलीत. गिऱ्हाइकांनाही सांगावं लागत नसे. एका औषधवाल्याने हौसेने आपल्या चिठ्ठ्या पावलीत मागितल्या, तर जुळाऱ्यानेच त्याला परतवलं, की आजारी माणसाला बारीक रेघा शोधायला लावू नका.

थोरली ठोकळाही शिकली. जुळारी संध्याकाळी तिला घेऊन बाजारातून चक्कर मारायचा आणि पाट्या वाचायला लावायचा. तिला ते कसं वाटतं असं पुतणीने माहेरपणाला आल्यावर विचारलं, तेव्हा ती म्हणाली, की ओळखीच्या सगळ्या माणसांनी एकाच दिवशी मिशा काढून यावं तसं. ओळख पटते, पण आधी जरा थांबावं लागतं. त्या घरात वर्तमानपत्राचे मथळे आता तीच मोठ्याने वाचायची, आणि जाऊ खालून ओरडायची की वाचनालयाची वेळ वाढली वाटतं.

जुळाऱ्याचे डोळे पुढे खरंच उतरले. पण त्याला कोणी वर बसवलं नाही. तो पेटीसमोर उभा राहायचा, थोरली मजकूर वाचायची आणि त्याची बोटं खिळे उचलायची. ओळ पुरी झाली की तीच तपासायची. नव्या माणसाचा विषय धाकट्याने पुन्हा काढला नाही. शाळेच्या एका पुस्तकाची शेवटची पानं दोघांनी अशीच मिळून जुळवली, आणि ते पुस्तक बरीच वर्षं चाललं.

त्याच्या जाण्याची बातमी थोरलीने स्वतः जुळवली, पावलीत, चार ओळींची. धाकटा म्हणाला मी करतो, तर तिने त्याला यंत्राकडे पाठवलं. कच्चा छाप वाचून पाहिला, चूक नव्हती. त्यात होतं ते एवढंच, की या छापखान्याचा जुळारी पुतणीच्या लग्नानंतरच्या सहाव्या हिवाळ्यात, मंगळवारी सकाळी, घरी वारला.